सूर्यास्ताआधीची अठरा मिनिटं

आमच्या साहेबांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातावर सरकारचं, उजव्या हातावर स्वतःचं. हा विनोद माझा नाही, ते स्वतःच असं सांगायचे. सरकारच्या घड्याळावर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या चालत. कुणाच्या रानात किती वाजता पाणी सोडायचं, किती वाजता चारीचं, म्हणजे पोटपाटाचं, दार पाडून ते बंद करायचं, सगळं त्यावर. दुसऱ्या घड्याळाचे काटे ते रोज संध्याकाळी सूर्य बुडाला की बारावर आणून ठेवत. तिथून त्यांचा उद्याचा दिवस सुरू. एखाद्या शेतकऱ्यानं चुकून उजव्या हाताकडं बघत "किती वाजलं सायेब?" म्हटलं की ते तो हात मागं घेत. "ही वेळ तुझ्या कामाची नाही रे. ही बघ तुझी." आणि डावा हात पुढं.

या माणसाबद्दल मला नीट काही सांगता येईल असं वाटत नाही. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली, पण ते मला कळले नाहीत. मी सरळ माणूस आहे. कळलं ते कळलं म्हणतो, नाही कळलं ते नाही म्हणतो. साहेब दुसऱ्या खान्यातले.

कोल्हारच्या पुढं, प्रवरेच्या पाटाच्या कडेला आमचं सेक्शन ऑफिस होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं साहेबांचा क्वार्टर. साहेब ओव्हरसियर, मी कारकून, तोही हंगामी. मी कर्जत तालुक्यातला. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला आणि बी.ए. झालेलाही मीच पहिला. ही गोष्ट मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. पाण्याला पाळी असते हे मला नोकरी लागल्यावर कळलं. आमच्याकडं पाळी लावायला पाणीच नव्हतं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला समोर उभं करून विचारलं, "दिवस कधी सुरू होतो?"

मी म्हटलं, "सकाळी."

"सरकारचा?"

"रात्री बाराला."

"आणि माझा?"

बी.ए.ला हा प्रश्न नव्हता. पडवीत आमचे पाटकरी बाबूभाई बिडी ओढत बसले होते. चारीची दारं उघडणं-पाडणं त्यांचं काम. ते तिथूनच म्हणाले, "सांजंला, सायेब. त्याच्यात काय लई? आमचा बी दिवस मगरिबलाच सुरू व्हतो. बेस्तरवारची सांज आमाला जुम्याचीच."

साहेब खूश झाले. मला म्हणाले, "बघ. बाबूभाई चौथी नापास आहेत."

मला राग आला. नोकरीच्या पहिल्या दिवशी राग गिळायचा असतो म्हणून गिळला.

ते कोण, यावर गावात बरेच तर्क होते. नावात एका पैगंबराचं नाव, म्हणून मुसलमान असतील, असं काहींचं म्हणणं. पण ते मशिदीत जात नसत. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती पुष्कळ, म्हणून बाकीच्यांनी त्यांना किरिस्ताव ठरवलं. पण रविवारी साहेब चारीवर फिरताना दिसायचे. आडनाव कोकणातलं, बोलणं स्वच्छ, म्हणून कुणी बामणही म्हणायचं. मग एकदा रंगनाथ अण्णांनी तोंडावरच विचारलं. अण्णा चारीच्या शेपटाकडचे ऊसवाले. जीभ तिखट, मनात काही ठेवायचे नाहीत.

"सायेब, तुमी हाय तरी कोन?"

"शनवार तेली," साहेब म्हणाले.

अण्णा म्हणाले, "तेली? मंग घाना कुठाय?"

तेव्हा साहेबांनी पडवीत बसून सांगितलं ते मला अजून आठवतं. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी समुद्रातून आले, कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, थोडेच वाचले. ते यहुदी, पण त्यांचं ते नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. "पोथ्या बुडाल्या," साहेब म्हणाले. "कुणाला वाचता येत नव्हतं, धर्म सांगायला कुणी उरलं नव्हतं. शनिवार तेवढा पोहून आला."

"वार कसा पवंल?" अण्णा म्हणाले.

"माझ्या पणज्याचा बैल होता. शनिवारी सकाळी दाव्यातून सोडला तरी घाण्याकडं जायचा नाही. बैलाला वार कळत होता अण्णा. तुम्हाला का कळू नये?"

"बैलाला कळतंय त्ये आमाला कळंल व्हय!" अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. साहेबही हसले. मी मात्र विचार करत राहिलो की वार पोहून येतो म्हणजे काय. देव पोहून येईल, मूर्ती तरंगत येईल, तशा गोष्टी ऐकल्या होत्या. वार?

त्यांच्या तासाचंही असंच. त्यांच्या शास्त्रात म्हणे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बाराच तास. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तास मोठा, हिवाळ्यात तास लहान. हे कुणाला सांगायची गरज नव्हती, पण साहेबांनी अण्णांना सांगितलं. अण्णांचे डोळे चमकले.

"सायेब, मंग माझी चैतातली पाळी मोठ्या तासानं द्या की!"

"तुमचा तास सरकारी. साठ मिनिटांचा."

"आन् तुमचा?"

"माझा देवाचा."

"म्हंजी तितं बी वशिला तुमचाच!"

पाळीच्या बाबतीत साहेब दगड होते. मोठ्या बागाईतदारालाही एक मिनिट जास्त नाही आणि गरिबालाही नाही. एक म्हातारी होती, वांग्याचे दोनच वाफे भिजायचे राहिले होते. तिची वेळ संपली. "सायेब, येवडं दोन वाफं," म्हणून ती चारीत उतरून उभी राहिली. साहेबांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि दार पाडायला लावलं. मग क्वार्टरकडं गेले, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आले आणि ते दोन वाफे स्वतः भिजवले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला. मी विचारलं, "साहेब, त्यापेक्षा पाच मिनिटं दार उघडं ठेवलं असतं तर?"

"पाणी माझं होतं, दिलं," ते म्हणाले. "ती पाच मिनिटं पुढच्याची होती. माझी असती तर दिली असती."

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या क्वार्टरमागच्या अंगणाची अशीच गंमत झाली. एरवी तिथं मेथी, वांगी, दोडक्याचा वेल असायचा. त्या वर्षी त्यांनी काहीच लावलं नाही. सातवं वर्ष आहे, जमिनीलाही शनिवार असतो, असं म्हणाले. आदल्या वर्षीच्या बियांतून आपोआप आलेल्या वेलाला दोडके लागले तर कुंपणाचं फाटक काढून ठेवलं, कुणीही न्यावेत. मी कुठंतरी माहिती काढली होती. म्हटलं, "साहेब, हा नियम तुमच्या त्या देशातल्या जमिनीपुरता आहे ना?"

"हो. पण अंगण माझं आहे."

त्या साली सगळीकडंच रानं उघडी पडली होती. पाटाला पाणी नव्हतं, माणसं खडी फोडायला गेली होती. अण्णा फाटकाशी उभे राहून बोडक्या अंगणाकडं बघत म्हणाले, "सायेब, औंदा सगळा जिल्हाच तुमच्या धर्मात आलाय." साहेबांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "नाही अण्णा. ती सक्ती आहे. सक्तीचा शनिवार नसतो." अण्णांनी मान हलवली. त्यांना कळलं असेल. मला अर्धंच कळलं.

शुक्रवारी मात्र हा माणूस बदलायचा. सकाळपासून घाई. दोन दिवसांचं जेवण स्वतः करायचे. बायको वारली होती. दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते आणि तिकडं या म्हणून पत्रं पाठवायचे. मी एकदा विचारलं, का जात नाही? म्हणाले, "तिकडं सगळ्यांनाच शनिवार आहे. मी गेलो तर या चारीवर शनिवार येणार नाही." शुक्रवारी चारच्या आत सगळे कागद त्यांच्यापुढं ठेवायचे, हा ऑफिसचा नियम. मग आंघोळ, पांढरा सदरा-लेंगा. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. सूर्य मावळायला अठरा मिनिटं उरली की दिवा लावायचे. दोन्ही घड्याळं काढून बिस्किटाच्या डब्यात. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत लेखणीला हात नाही, काडेपेटीला नाही, एसटीत बसणं नाही. शनिवारच्या बदल्यात ते रविवारी काम करायचे. वरच्या कुण्या साहेबानं फार पूर्वी हे मान्य केलं होतं.

अठरा मिनिटं आधी का, हे मी विचारलं होतं. म्हणाले, "पाहुणा यायच्या आधी आपण उंबऱ्यात जाऊन उभं राहतो ना? कामाच्या दिवसातली थोडा वेळ काढून त्यात घालायचा. आपल्याकडचा."

दुसऱ्याला एक मिनिट न देणारा माणूस कुणाला तरी अठरा मिनिटं फुकट देत होता. मला ते कोडंच वाटायचं. पण त्या अठरा मिनिटांशी माझा संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा मार्च. हंगामी कारकुनांना कायम करण्याची यादी निघणार होती. सबडिव्हिजनहून शुक्रवारी सकाळी माझा फॉर्म आला. तो भरून, साहेबांची सही घेऊन, शनिवारी दुपारी बाराच्या आत तिथं पोचवायचा. बाराला यादी बंद. पुढची यादी कधी, ते कुणी सांगेना. माझ्यासाठी तो कागद नव्हता, घर होतं. धाकट्या बहिणीचं लग्न, भावाची शाळा आणि म्हाताऱ्याचं दुसऱ्याच्या बांधावर राबणं, सगळं त्या सहीवर थांबलं होतं.

साहेबांनी सकाळीच सांगितलं. शब्द मला पाठ आहेत. "चारच्या आत आण. आज शुक्रवार आहे." मी "हो साहेब" म्हटलं.

दुपारी दोनला फॉर्म भरून झाला होता. त्यात एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं 'सालगडी'. खरं तेच लिहिलं. शेजारी एक मिस्त्री बसला होता, त्यानं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आसं लिवत्यात व्हय? वरचे लोक वाचतील. शेती म्हन की." मी त्याला झटकून टाकलं. पण तो गेल्यावर त्या शब्दाकडं बघत बसलो. बी.ए. आणि सालगडी, एकाच कागदावर, एकाखाली एक. मी तो शब्द खोडला. खोडल्यावर फॉर्म इतका घाण दिसायला लागला की तसा देणं शक्य नव्हतं. शेजारच्या सेक्शनला कोरा फॉर्म असेल म्हणून सायकल काढली. तिथला कारकून जेवायला गेला होता, तो पाचला उगवला. त्याच्याच टेबलावर नवीन फॉर्म भरला, त्या रकान्यात 'शेती' लिहिलं आणि पाटाच्या भरावावरून सायकल हाणत परत आलो. वाटेत चाक पंक्चर झालं. शेवटचा मैलभर सायकल ढकलत पळालो.

क्वार्टरच्या दारात पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर होता. चांगला हातभर वर. आत दिवा लागलेला होता.

"साहेब, सही!"

साहेब पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. त्यांनी फॉर्मकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझा श्वास मावत नव्हता. ते म्हणाले, "दिवा लागला रे."

"साहेब, सूर्य आहे अजून! हा बघा, बाहेर या, बघा!"

"आहे."

"मग शुक्रवारच आहे ना?"

"तुझा आहे. माझा गेला."

मी खूप बोललो. आई-बाप काढले, बहीण काढली. शेवटी पाया पडलो. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात त्यांनी पाठीमागं घट्ट धरले होते. पण सही केली नाही. मी फॉर्म त्यांच्या टेबलावर टाकला आणि बाहेर येऊन पाटाच्या कडेला उभा राहिलो. सूर्य बराच वेळ मावळलाच नाही. इतका रागावलेला सूर्यास्त मी पुन्हा पाहिला नाही. म्हणजे रागावलेलो मी होतो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर मी त्यांना बोलायला म्हणूनच क्वार्टरवर गेलो. नोकरी गेलीच होती, आता भीती कसली? म्हटलं, "तुमच्या देवाला आमच्या घरचं काही ठाऊक आहे का?"

"त्याला आहे. मला नव्हतं," साहेब म्हणाले. "आज मी तुझ्यासाठी काही करू शकत नाही. बस तेवढा."

का बसलो ते सांगता येत नाही. पाय दुखत होते. त्यांनी काळ्या मनुकांचं पाणी दिलं, थंड भाकरी दिली. फॉर्मचं काढलं नाही. मी शिव्या मनात म्हणत होतो, पण किती वेळ म्हणणार? पडवीत वारा येत होता. पाटात पाणी वाहत होतं, बाबूभाई लांब दार उघडत होते. आम्ही दोघं काहीच करत नव्हतो. आमच्या घरात दिवसाउजेडी काही न करता बसलेलं माणूस फक्त आजारी असायचं. मी आजारी नव्हतो आणि बसलो होतो. माझं सगळं बुडालं होतं आणि मला चक्क गाढ झोप लागली. हे कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

उठलो तर सांज झाली होती. साहेब अंगणात मान वर करून उभे. "तीन दिसल्या पाहिजेत," म्हणाले. "माझी नजर आता गेली. तू बघ."

मी इतक्या हावरेपणानं आभाळाकडं कधी बघितलं नव्हतं. "ती एक! ती दुसरी! ती बघा तिसरी, तिकडं!"

"ती नाही. अजून उजेड आहे तिथं."

"साहेब, आहे हो!"

"घाई करू नको. पाहुण्याला ढकलून काढतात का?"

शेवटी तिसरी दिसली. त्यांनी वात लावली, मुठीतल्या लवंगांचा वास घेतला, मलाही घ्यायला लावला. मग टेबलाशी बसले, फॉर्म पुढं ओढला, सही केली. तारखेच्या जागी लेखणी आली तसा मी म्हणालो, "साहेब, कालची घाला. टपालात राहिला म्हणून सांगतो. कोण विचारतंय?"

"काल मी सही केली नाही." त्यांनी शनिवारची तारीख घातली. मग लेखणी खाली ठेवून म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं चल माझ्याबरोबर."

रविवारी आम्ही सबडिव्हिजनच्या गावी डेप्युटी इंजिनिअरच्या घरी गेलो. तरुण माणूस, बनियनवर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "रावसाहेब, यादी काल दुपारीच नगरला गेली. आता मी काय करू?"

साहेबांनी पिशवीतून एक कागद काढला, पहाटेच लिहिलेला. अर्जदार शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हजर होता, सही न होण्याचं कारण सर्वस्वी माझं वैयक्तिक आहे, अर्जदाराचा दोष नाही, सबब त्याचं नाव पुरवणी यादीत घ्यावं. डेप्युटींनी तो दोनदा वाचला.

"हे मी वर पाठवलं तर तुम्हाला मेमो निघेल. उगाच कशाला? रिटायरमेंटला किती राहिलंय तुमच्या?"

"अडीच वर्षं."

"इतकी वर्षं सर्व्हिस बुकावर डाग नाही तुमच्या. आणि दर शुक्रवारी तुम्ही कामावरून लवकर उठता हे सगळ्या डिव्हिजनला माहीत आहे." मग ते माझ्याकडं वळले. "काय हो, तुम्हाला साहेबांनी आधी सांगितलं नव्हतं का, कितीच्या आत या म्हणून?"

साहेब माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मी म्हणालो, "नाही."

डेप्युटींनी साहेबांकडं बघितलं. साहेब समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. डेप्युटींनी खांदे उडवले आणि कागद ठेवून घेतला.

परतीच्या एसटीत साहेबांनी मला खिडकीची जागा दिली, केळी घेऊन दिली, आणि उन्हाळ्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं ते समजावत राहिले.

महिन्याभरात पुरवणी यादी आली. मी कायम झालो. साहेबांना मेमो आला. तो माझ्याच टेबलावरून गेला, कारण आवक टपाल मीच नोंदवायचो. गावी जाऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पर्मनंट म्हंजी काय रं? मरस्तवर?"

"अठ्ठावन्नपर्यंत."

"मंग तुज्या सायबाच्या पाया पड."

मी म्हटलं, पडलो. ते खोटं नव्हतं. फक्त कधी पडलो ते सांगितलं नाही.

त्यानंतरचे महिने साहेब माझ्याशी जसे होते तसेच राहिले, आणि त्याचाच मला त्रास झाला. शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो. कधी वाटायचं, ते चारच्या आत म्हणालेले विसरले असतील. वय झालं होतं. पण कुणाच्या पाळीचं एक मिनिट हा माणूस विसरत नव्हता. कधी वाटायचं, त्यांना आठवतंय आणि त्यांनी मला झाकलं. मग लगेच वाटायचं, ज्यानं तारीख खोटी घातली नाही तो मला का झाकील? तिथं ते गप्प बसले ते खोटं होतं की नाही? मी लॉजिक शिकलो होतो बी.ए.ला. काही उपयोग झाला नाही.

पावसाळा सरला, त्यांचे सण आले. त्यात एक कडकडीत उपासाचा. त्यांचे म्हातारे त्याला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचं, कुणाशी बोलणं नाही, पाण्याचा थेंब नाही. वर्षाचा सगळा हिशेब देव त्या दिवशी मिटवतो. पण माणसानं माणसाचं जे केलं असेल ते देव माफ करत नाही, तो म्हणतो आधी त्याच्याकडं जा. म्हणून आदल्या दिवशी साहेब सगळ्यांकडं माफी मागत फिरायचे. बाबूभाई त्यांना कडकडून मिठी मारायचे. अण्णा म्हणाले होते, "पाळी अर्ध्या तासानं वाढवा, मंग करतो माफ!" आणि मग स्वतःच ओशाळून हात जोडले होते.

माझ्या खोलीवर ते सगळ्यात शेवटी आले. अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत. मी खुर्चीवर होतो, उठायला लागलो तर म्हणाले, "बस. मी उभा राहतो." मग दोन्ही हात जोडले.

"मार्चात मी तुझी वेळ घेतली. सूर्य होता, म्हणजे ती तुझी होती. मी ती माझी म्हणून देऊन टाकली. मला माफ कर."

मी म्हटलं, "साहेब, तसं काही नाही हो."

"तसं नको. आहे का नाही, ते सांग. माफ केलंस का?"

"केलं."

"मनापासून?"

"व्हय," मी म्हणालो. इतक्या वर्षांत ऑफिसात मी गावची बोली तोंडातून निघू दिली नव्हती. "मनापासून."

त्यांनी मान डोलावली. तरी ते गेले नाहीत. दारात थांबून पश्चिमेकडं बघितलं आणि म्हणाले, "अजून पाऊण तास आहे." कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग माझ्या खोलीच्या पायरीवर, माझ्याकडं पाठ करून ते बसले.

मी खुर्चीवर आणि ते पायरीवर. मधे चार हात जमीन. समोरच्या रानात कुणाची तरी पाळी चालू होती, वाफ्यांत पाणी चमकत होतं. माझ्या तोंडाशी दोन-तीनदा "साहेब" एवढा शब्द आला. एकदा तर घसा खाकरलाही. त्यांनी मान किंचित वळवली आणि तशीच वाट बघत ठेवली. डेप्युटींपुढचं माझं ते 'नाही' माझ्यापाशीच राहिलं.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, लेंग्याची माती झटकली आणि दारं लावून घ्यायला आपल्या घराकडं गेले.